चार दिवसांनी एक चमचा

...आणि वर मलाच विचारतात, छायाताई, तुम्ही आधी चौकशी करायची नाही का? मला विचारतात हे! अहो, या बिल्डिंगमध्ये कोण कुठल्या व्हिसावर आहे, कोणाची सासू कधी येणार, कोणाची यंदाही येणार नाही आणि का, कोणाच्या पोराला मॅथ्समध्ये किती पडले, हे सगळं मी कोणाचंही मन न दुखवता, नवव्या मजल्यापासून पार्किंगपर्यंत लिफ्ट उतरेस्तोवर विचारून ठेवलेलं आहे. तुम्हाला सांगते, बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी एकदाच, फक्त एकदाच चौकशी केली नाही. आणि त्या एका न केलेल्या चौकशीपायी माझी आई गेली.

म्हणजे तशी ती चार वर्षांपूर्वीच गेली. पण आता खरी गेली. सांगते, बसा.

आम्ही राहतो दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये. आमचे हे, हेमचंद्र, एसीच्या पार्टच्या कंपनीत स्टोअर सांभाळतात, आणि दिवसभर हिंदी, इंग्रजी, मल्याळम, थोडी अरबी असं बोलून घरी येतात तेव्हा मराठीपर्यंत पोचेस्तोवर त्यांची हवा संपलेली असते. मुलगी ओवी, सतरा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तेही हेडफोनचा एक कान उघडून. आणि घरातलं चौथं माणूस म्हणजे विरजण.

हसू नका. एकवीस वर्षांपूर्वी मी इथे यायला निघाले, तेव्हा आईने काय केलं, पंचाचा एक स्वच्छ तुकडा घट्ट दह्यात बुडवला, सावलीत वाळवला, परत बुडवला, परत वाळवला, असा तीन दिवस, आणि तो कडक झालेला तुकडा माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवून म्हणाली, "तिकडे गेलीस की कोमट दुधात सोड. मी आलेच." आता तिने पासपोर्ट कधी काढला नाही, विमान कधी आतून पाहिलं नाही, पण मी तो तुकडा दुधात सोडला आणि दुसऱ्या दिवशी झाकण काढते तर काय, वाटी उपडी केली तरी हलणार नाही असं दही, आणि त्याला आमच्या लांज्याच्या घरातल्या फडताळाचा वास. आली की हो ती! म्हणाली तशी आली. तेव्हापासून रोज एक चमचा आजच्यातून उद्यात, उद्याच्यातून परवात, असं एकवीस वर्षं. भावाकडे आता पिशवीतलं दही येतं, वहिनी म्हणते कोण तो व्याप करत बसणार. म्हणजे त्या विरजणाची आख्ख्या जगात एकच वाटी उरली, माझ्या ओट्यावर, स्टीलची, झाकणाची.

आणि बिल्डिंगमधली चौदा घरं त्या वाटीवर जगायची, खोटं नाही सांगत. दर शनिवारी सकाळी माझ्या दाराशी वाट्या घेऊन रांग. समोरच्या दारातली हमीदा, मुरुडची, तिची कढी माझ्याच विरजणाची. पाचव्या मजल्यावरची गुजराती भाभी, सातव्यावरची ती लेबनीज बाई, तिला तर माझं नावसुद्धा नीट येत नाही, "हबीबी, दही" एवढंच म्हणते आणि वाटी पुढे करते. कोणी म्हणालं की छायाताई, थोडं विरजण आम्हीच ठेवू का घरी बाजूला, तर मी म्हणायची, कशाला ठेवता, मी आहे ना. मान होता तो माझा. इथे कोण कोणाला विचारतं, सांगा? नवरा स्टोअरचा, शिक्षण बारावी, पण शनिवारी चौदा वाट्या माझ्या दारात.

आता मी चौकशी का केली नाही ते सांगते, कारण इथूनच सगळं बिनसलं. झालं काय, लिफ्टमध्ये एक नवीन जोडपं भेटलं, अकराव्या मजल्यावरचं. मी आपलं सहज म्हटलं, लग्नाला किती वर्षं, गोड बातमी कधी. ते बहीण-भाऊ निघाले. बरोबर ओवी होती. ती लिफ्टच्या भिंतीला नाक लावून उभी राहिली, घरी आल्यावर दोन तास खोलीतून बाहेर नाही, आणि बाहेर आली ती एक बोट वर करून. "मॉम. वन मंथ. नो क्वेश्चन्स. टू एनीवन." हेसुद्धा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "लोकांच्या घरात नाक खुपसू नये." दोघंही एकदम बोलल्यावर मी काय करणार? देवासमोर उभी राहून शपथ घेतली, एक महिना कोणाला काही विचारणार नाही. तारीख होती एक जुलै.

तीन जुलैला निखिल आला.

निखिल आमच्या शेजारचा, पुण्याचा, कम्प्युटरवाला, गुणी पोरगा. बायको सुमेधा बाळंतपणाला पुण्याला गेलेली, आणि त्या सकाळी फोन आला की तिला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. तर हा एका पायात चप्पल, एका पायात बूट, हातात बॅग आणि किल्ली. "काकू, प्लीज एक काम. स्टोअररूममध्ये एक मोठी बरणी आहे. त्यात जिवंत जंतू आहेत, आठ महिने सांभाळलेत मी. दर चार दिवसांनी या पावडरचा एक चमचा उकळून गार केलेल्या पाण्यात घालून ते पाणी वरून ओतायचं, झाकण लगेच लावायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. सगळं व्हॉट्सॲपवर पाठवतो."

तुम्हाला सांगते, माझ्या तोंडात प्रश्न असे गर्दी करून उभे होते, कसले जंतू, कशाला पाळलेस, सुमेधाला माहीत आहे का, आठ महिने म्हणजे नेमके आठच का? तोंड उघडलं मी. आणि मागे वळून बघते तर ओवी दारात उभी, बोट वर.

"बरं," म्हटलं मी. एकदाच, आयुष्यात एकदाच मी चौकशी केली नाही.

व्हॉट्सॲप आलं. ते माझ्या हाताएवढं लांब, सगळं इंग्रजीत, नंबर घालून. सुरुवातीला होतं "थँक यू सो मच काकू", ते वाचलं, वर हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि फोन ठेवला. विरजण सांभाळणाऱ्या बाईला हा कालचा पोरगा जंतू शिकवणार होय?

गेले. काळं ब्लँकेट बाजूला केलं, तर रुंद तोंडाची ही एवढी काचेची बरणी, आत तांबूस पाणी, त्यात फुगलेले खजूर, आणि झाकणावर पाणी भरलेली एक वाकडी नळी, तिच्यातून मधूनच... बुडुक. मला वाटलं सिरका करतोय खजुराचा. किंवा पोटासाठी काही असेल, हल्ली पुण्याची मुलं पोटासाठी काहीबाही पितातच. एक चमचा पावडर घातली, झाकण लावलं, उभी राहिले. बुडुक. परत बुडुक, बुडुक. अहो, काय वाटलं म्हणून सांगू? घरी मी चार पदार्थ करून वाढते, हे ताटात बघून "हं" म्हणतात, ओवी ताट खोलीत नेऊन "ओके" म्हणते. आणि इथे एक चमचा घातला तर आख्खी बरणी बोलायला लागली.

आणि चार दिवसांनी एक चमचा? मी म्हणते, ही कुठली रीत? कोणाच्या दारात कोणी उपाशी बसलंय आणि मी चार दिवस थांबायचं? दुसऱ्याच दिवशी भाताची पेज घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी गुळाचं पाणी. मग पिकलेलं केळं कुस्करून. संकष्टीला मोदकाचं सारण उरलं होतं, तेही थोडं. "घ्या रे बाळांनो," म्हणायचे, "लाजू नका." आणि ते लाजायचे नाहीत हो, बुडुक-बुडुक, बुडुक-बुडुक, जेवण झाल्यावर पुरुष माणसं ढेकर देतात ना, तसं. मी तिथे प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसायला लागले. अकराव्या मजल्यावरच्या त्या बहीण-भावांचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांना काही विचारलं नाही मात्र. शपथ म्हणजे शपथ.

सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, रिकाम्या घरात एसी चालू. चोवीसवर. आता आमच्या ह्यांचा जन्म एसीच्या पार्टमध्ये गेला, रिकाम्या खोलीत एसी चालू दिसला की मला कसंतरीच होतं. कोणाचं बिल ते, लेकरू झालंय बिचाऱ्याला, मी आपला बंद केला. जुलैत. दुबईत.

आठव्या दिवशी दार उघडलं तर आतून तव्यावरची हवा आली. धावत स्टोअररूममध्ये गेले. बरणी गप्प. मी म्हटलं, बाळांनो? गप्प. झाकण उघडलं, तर वर ही अशी पांढरी, सुरकुतलेली, जाड साय.

आता तुम्हीच सांगा, साय दिसली की बाईचा हात कुठे जातो? तीस वर्षं रोज सकाळी दुधावरची साय काढलेला हात आहे हा, त्याला डोकं विचारायची सवयच नाही. पण आधी जंतू जिवंत करायला हवे होते. माझ्या मनात आलं, आईचं विरजण! आमच्या गावी गाईचं दूध पातळ यायचं पावसाळ्यात, त्यातही ते लागायचं. इथल्या डब्यातल्या दुधात लागायचं, ज्या दुधाला मी तरी दूध म्हणत नाही. पळत घरी आले, वाटी उचलली चमच्यासकट, पळत परत. त्या चमच्याने साय काढून बेसिनमध्ये टाकली, त्याच चमच्याने दोन चमचे विरजण बरणीत सोडलं, "आई, बघ गं यांच्याकडे," म्हटलं, चमचा परत वाटीत, वाटी परत घरी, एसी परत चालू.

दुसऱ्या दिवशी कानोसा घेतला.

बुडुक.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. वाटलं, आई, तू मेल्यावरसुद्धा लोकांच्या घरी उपयोगी पडतेस गं.

पुढचा दिवस शनिवार. चौदा वाट्या आल्या, चौदा वाट्या भरून गेल्या.

सोमवारी दुपारी हमीदा आली. दारात उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळतेय. ती अशी उभी राहिली की समजायचं, वाईट बातमी आहे. "छायाताई, बुरा मत मानो, पण दह्यात घोडा आहे."

"घोडा?"

"आमच्या मुरुडला दारासमोर टांगा उभा असायचा. उन्हाचा घोडा घामेजला ना, की त्याच्या पाठीवरच्या कांबळ्याला यायचा, तो वास. मी कढी केली, तर आमचे हारुन म्हणाले, आज ताट नको, लगाम आण."

मी घरातलं दही हुंगलं. घोडाच. लांज्याचं फडताळ नाही, काही नाही, घामेजलेला घोडा. मग ग्रुपवर सुरू झालं, सगळ्यांकडे घोडा. गुजराती भाभीने विचारलं, न्यू फ्लेवर छे? लेबनीज बाईने बदाम-बदाम पाठवले आणि आणखी मागितलं, तिला आवडलं होतं. एकवीस वर्षांत जे दही कोणाच्या जिभेला नाव ठेवू देत नव्हतं, त्याला एका दिवसात खूर फुटले. मी दूध बदललं, भांडी उकळली, वाटी उन्हात ठेवली. घोडा जाईना.

शेवटी ओवीकडे गेले. म्हटलं, बाळा, निखिलने काय पाठवलंय ते जरा बघ, त्या पावडरचं प्रमाण तर चुकलं नसेल. तिने फोन घेतला. वाचता वाचता तिने हेडफोन काढले. दोन्ही कानांतले!

"मॉम. डिड यू ईव्हन रीड धिस?"

"वाचलं की. थँक यू सो मच काकू."

"मॉम, इट्स बिअर. ही इज मेकिंग सावर बिअर. धिस इज द सेकंड फर्मेंटेशन." आणि मग एकेक नंबर वाचत गेली. "डू नॉट ओव्हरफीड. डू नॉट रिमूव्ह द व्हाइट लेयर. कीप द एसी ऑन. अँड धिस वन इज इन कॅपिटल्स, मॉम. नेव्हर पुट द सेम स्पून इन एनी अदर फूड. दीज बग्ज नेव्हर लीव्ह."

न वाचता मी एकही नियम मोडायचा ठेवला नव्हता.

बिअर. आणि मी कोणाला पाठवलं त्यात? आईला! तुम्हाला माझी आई माहीत नाही. आमच्या गावात हातभट्टी होती, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, तिच्यापायी सात घरं बसली. तर माझी आई, साडेचार फूट, नऊवारी खोचून, बावीस बायका घेऊन गेली, आणि गूळ-नवसागराचे ते आंबलेले डबे एकेक करून वहाळात उपडे केले. शेवटच्या डब्याला भट्टीवाला मिठी मारून बसला होता, तर हिने त्याच्यासकट लोटला. तालुक्याच्या ऑफिसात फोटो होता तिचा. त्या बाईला मी दोन चमचे करून बिअरमध्ये सोडलं, आणि वर म्हटलं, बघ गं यांच्याकडे.

हे घरी आले, ओवीने सांगितलं, आणि तुम्हाला सांगते, एकवीस वर्षांत हे एवढं मराठी एका दमात बोलले नव्हते. "खलास! इथे घरी असलं काही करायला परवानगी नाही, कळतं का तुला? घर त्याचं, पण किल्ली कोणाकडे? तुझ्याकडे. रोज जाऊन खायला कोण घालतंय? तू. मोदकाचं सारण कोणी घातलं? तू. विचारायचं नाही का आधी?"

"तुम्हीच म्हणालात ना, नाक खुपसू नये."

"अगं, पण इथे खुपसायचं ना!"

म्हणजे यांचं नाकाचं टाइमटेबल मी पाठ करून ठेवायचं.

निखिलला फोन लावला. तो बिचारा दवाखान्यात, मुलगी झालेली, हरखलेला. मी आधी बाळाचं वजन विचारलं, ती चौकशी नाही, ती माणुसकी, आणि मग विरजणाचं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, सॉरी. ते एकदा दुसऱ्या कशात गेले की निघत नाहीत. ते विरजण टाकूनच द्यावं लागेल."

ओट्यापाशी किती वेळ उभी होते, माहीत नाही. नळ सोडला. वाटी तिरकी केली. एरवी उपडी केली तरी न पडणारं ते दही, त्या दिवशी लगेच गेलं. मी आलेच म्हणाली होती ना, ती गेली, माझ्याच हातून, गरम पाणी आणि सोडा घालून.

तरी म्हटलं, चौदा घरं आहेत. कोणाकडे तरी मागच्या आठवड्याचं, घोडा यायच्या आधीचं, भांड्याच्या कडेला चिकटलेलं असेल. घासलेली वाटी घेतली आणि निघाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी वाटी घेऊन लोकांच्या दारात, आणि प्रत्येक दारात तेच. "छायाताई, आम्ही कुठे ठेवतो? शुक्रवारी संपवतो, भांडं धुतो, शनिवारी तुमच्याकडे येतो. तुम्हीच म्हणालात ना, कशाला ठेवता." चौदाच्या चौदा. आणि निघताना प्रत्येकीचा तो प्रश्न, तुम्ही आधी चौकशी करायची नाही का?

हमीदाकडे सगळ्यात शेवटी गेले, कारण तिला काय सांगायचं? पण सांगितलं, लपवलं नाही. ती सोफ्यावर बसली. "बिअर," म्हणाली.

"बिअर नाही गं, बिअरचे जंतू."

"म्हणजे बिअरची पोरंबाळं."

"हो."

"आणि आम्ही त्याची कढी केली." बराच वेळ ओढणी बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. अल्लाह माफ करेल. हारुन विचारून येतील मशिदीत, तोपर्यंत दही नको." हारुनभाई गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, मी विचारू कसं? शेजारीणबाईंचा चमचा, निखिलची बरणी, मोदकाचं सारण, कांबळ्याचा वास, सुरुवात कुठून करू? मौलानासाहेब म्हणतील, मियां, आधी घरी जा, पाणी प्या.

विसाव्या दिवशी निखिल परत आला, बर्फीचा बॉक्स घेऊन. ह्यांनी बर्फी घेतली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "अभिनंदन. ते आजच्या आज ओत." निखिलचा चेहरा एवढुसा झाला, पण वाद नाही घातला. "बरोबर आहे काका. आता बाळ आहे, रिस्क नको." मग हळूच म्हणाला, "सुमेधाने बातमी दिली त्या दिवशी लावली होती. वाटलं होतं, बारशाला उघडू." म्हणून आठ महिने! बघा, एक प्रश्न विचारला असता तर तेव्हाच कळलं असतं. हे म्हणाले, मला काही बघायचंच नाही, आणि खाली गाडीत जाऊन बसले.

निखिलने बरणी उचलून सिंकवर टेकवली. ओतायच्या आधी चमचाभर चाखली, आणि थांबला. "काकू, हे वेगळंच लागतंय. पावडरीशिवाय काय काय घातलंत?"

आता लाज कसली. सांगितलं. पेज, गूळ, केळं, सारण. तो ऐकतोय आणि ओततोय, खजूर सिंकमध्ये पडतायत, पाव बरणी गेली, अर्धी गेली. "आणि मग एसीमुळे गप्प झाले ना," मी म्हटलं, "तेव्हा दोन चमचे विरज..."

आणि माझी जीभ तिथेच थबकली.

घोडा आत यायच्या आधीचं विरजण होतं ते. दोन चमचे. वाटीतलं टाकलं, चौदा घरांतलं संपलं, लांज्यात पिशवी. आख्ख्या जगात आई राहिली होती ती फक्त त्या बरणीत, आणि बरणी तिरकी होती.

"थांब," म्हणून मी त्याचं मनगट धरलं. "काकू, काका म्हणाले..." "ओतू नकोस." "काकू, सोडा, काच आहे." मी सोडते कसली? बरणीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि सिंकसमोर उभी राहिले. आणि उभी राहिल्यावर मला आठवलं, हे असं बरणीला मिठी मारून उभं राहिलेलं माणूस कुठल्या गोष्टीत होतं. भट्टीवाला हो! वहाळाकाठचा! आणि त्याच्यासमोर उभी कोण होती, आई. आणि आता आई बरणीत, आणि मी भट्टीवाला. तो तरी पोटासाठी मिठी मारून बसला होता.

"जिवंत असेल ती?" मी विचारलं. शपथेला अजून आठ दिवस होते, पण आता कसली शपथ.

निखिलने बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सांगता येत नाही, काकू. पण आंबट त्यांना चालतं. असतील कदाचित."

बाकी सगळं ओतलं. लोणच्याची एक बरणी तेवढी भरून ठेवली आणि माझ्या घरी पिठाच्या डब्यामागे सरकवली. तेव्हापासून त्यातला चमचा-चमचा कोमट दुधात घालून बघतेय. चारदा दूध फाटलं. सहादा दूध होतं तसंच बसून राहिलं, ओवीसारखं. अकराव्यांदा लागलं. पातळ, तारवाळं, आणि घोडा तर आहेच, घोडा कुठे जातोय? पण डोळे मिटून हुंगलं ना, तर घोड्याच्या पार मागे, खूप लांब, फडताळ उघडल्यासारखं वाटलं. किंवा मला तसं वाटायचं होतं. निखिल म्हणतो, सहा महिने धीर धरा, हे जंतू हळूहळू एकमेकांचं खरकटं आवरतात. हमीदा रोज दारातून विचारते, "आईचं काही?" मी मान हलवते. मग ती सुपरमार्केटच्या दह्याचा डबा माझ्या हातात ठेवते. सहा दिरहॅम, म्हणजे दीडशे रुपये, आणि ते दही उपडं केलं तर चमच्याआधी ताटात. मी, छाया, विकतचं दही खाते आता. शनिवारी माझ्या दारात कोणी नसतं.

आणि सगळ्यात जिवावर काय येतं सांगू? या खेपेला ओवीने तो मेसेज मराठीत लिहून फ्रीजवर चिकटवलाय. जास्त खायला घालायचं नाही. साय काढायची नाही. चार दिवसांनी एक चमचा. अहो, जिने आयुष्यभर आल्यागेल्याला पोटभर वाढल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडलं नाही, तिला मी चार दिवसांनी एक चमचा घालते, आणि झाकण लावते, आणि निघून येते.

परवा हे पीठ काढायला गेले. डब्यामागून आवाज आला. बुडुक. ह्यांनी डबा सरकवला, बरणी बघितली, वरची साय बघितली.

"हे काय आहे?"

"तुमच्या सासूबाई," म्हटलं मी.

ह्यांनी डबा होता तिथे परत लावला, हात धुतले आणि पेपर उघडून बसले. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी एकदाच, फक्त एकदाच मला काही विचारलं, आणि पुढे चौकशी केली नाही.